आवाज काढून घेतलेली गाणी

आमच्या घरात फटकळ म्हणून माझं नाव आहे. नणंद असो, जाऊ असो, नाहीतर शाळेचे मुख्याध्यापक असोत, ज्याला जे सुनवायचं ते मी तोंडावर सुनवते आणि मग निवांत चहा पिते. पण एक वाक्य कित्येक महिने माझ्या तोंडातून निघत नव्हतं. साधंच होतं, लहान पोरालाही बोलता येईल असं. ते माझ्या थोरल्या भावाला सांगायचं होतं, आणि त्याच्यासमोर गेलं की मी उसाला तोड मिळाली का, वहिनीचा गुडघा कसा आहे, असलं काहीबाही विचारून परत यायची.

दादाचा साउंडचा धंदा. उचगावच्या रस्त्याला पत्र्याचं गोडाऊन आहे, त्यात छतापर्यंत बॉक्स रचलेले. लग्न, हळद, शाळांची गॅदरिंग, पुढाऱ्यांच्या सभा आणि सगळ्यात मोठं म्हणजे गणपतीची मिरवणूक. कोल्हापुरात साउंड म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बॉक्सची भिंत उभी करतात, आणि ती वाजायला लागली की रस्त्याकडेच्या घरातली भांडी मांडणीवर सरकतात. त्यावरून दरवर्षी वाद होतात, नियम निघतात, नियमातून वाटा निघतात. मीही भांडलेली आहे, दादाच्याच घरात, दादाच्याच ताटातला रस्सा भुरकत. तो म्हणायचा, "तू मास्तरीन हायस. तुला गप बसल्याली पोरं आवडत्यात. मला नाचनारी आवडत्यात."

पण ह्या माणसाचं स्वतःचं आवडतं संगीत मात्र भलतंच होतं. तरुणपणी तो एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तिथं कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला आणि परत न नेलेला एक टेपरेकॉर्डर होता, आणि त्यात एक विलायती कॅसेट अडकून राहिलेली. वरचा कागद नाही, नाव नाही, काही नाही. गिटारी वाजत होत्या आणि एकजण उंच, बारीक आवाजात जीव तोडून गात होता. दादाला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्या कॅसेटच्या दोन्ही बाजू त्याला पाठ झाल्या. सकाळी अंगावर पाणी घेताना तो ती गायचा. शब्द कसले, नुसते आवाज. पण गिटार कुठं वर चढते, झांज कुठं थरथरते, गाणारा कुठं दम घेतो, सगळं जागच्या जागी. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्येला कुनाला तर दाकवून आना."

पुढं स्वतःचा धंदा झाल्यावर दादानं त्या कॅसेटला कामाला लावलं. नवे बॉक्स आले किंवा जुने उघडून साफ केले, की पहिल्यांदा तीच गाणी वाजायची. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, गाणी तीच राहिली. बाकीचे साउंडवाले त्या त्या वर्षाच्या गाजलेल्या गाण्यावर सेटिंग करायचे आणि दादाला हसायचे. दादाचं म्हणणं वेगळं होतं. आपल्या घरच्या आमटीत मीठ कमी पडलं की पहिल्या घासाला कळतं, पावण्याच्या घरची आमटी मुळातच तशी असेल असं वाटतं. म्हणून जे पाठ आहे तेच वाजवायचं, म्हणजे बॉक्स काय खातोय ते लगेच सापडतं. आणि त्याला सापडायचं. त्याचा साउंड मोठा असायचा, पण कधी कर्कश नसायचा, हे त्याचे वैरीसुद्धा मान्य करायचे.

मागच्या एका गणपतीच्या आधी मी शाळेतून येताना गोडाऊनवर थांबले, तर दादा एका बॉक्सची जाळी काढून बसलेला. ट्वीटर गेले म्हणाला. बॉक्सात जाड आवाजाला मोठा स्पीकर असतो आणि उंच, बारीक आवाजाला छोटा, तो ट्वीटर. "झांज ऐकूच येईना बग. गानाऱ्याचा आवाज बी पार गगनबावड्याला गेलाय." त्यानं ट्वीटर बदलले. फरक नाही. वायरी बदलल्या, मग अ‍ॅम्प्लिफायर बदलला. शेवटी ज्याच्याकडून माल घ्यायचा त्या दुकानदाराला फोनवरून शिव्या घातल्या. तो बिचारा स्वतः आला, बॉक्ससमोर उभा राहिला, अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाला, "दादा, चांगलं वाजालंय की." दादानं त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावला. आमच्याकडं याहून मोठा अपमान नाही.

मी तिथंच उभी होते. मला झांज ऐकू येत होती, अगदी स्वच्छ. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण दादाला नाचता येत होतं. जन्मभर आलेलं होतं. अंगणही चांगलं आणि नाचणाराही चांगला, मग बिघडलंय काय, ह्याचं एकच उत्तर उरत होतं. ते मला नको होतं म्हणून मी ते डोक्यातून काढून टाकलं आणि रिक्षा धरली.

वहिनीनं मात्र ते कधीच ओळखलं होतं. "वन्सं," ती मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मी बोललेलं ह्यास्नी ऐकू येत न्हाय, का ऐकायचंच न्हाय, ह्येच कळंना झालंय." आम्ही दोघी हसलो. मग हसणं थांबलं आणि वहिनी तव्याकडं बघत बसली.

ह्याच सुमारास माझी लेक पुण्याहून सुट्टीला आली. तिच्या कानात सदा काहीतरी खुपसलेलं असतं. मामाच्या गोडाऊनवर गेली, तिथं ती गाणी चालू होती, तिनं मोबाईल पुढं धरला आणि क्षणात त्या बिनकागदाच्या कॅसेटचं नाव, गाव, गाणाऱ्याची सगळी कुंडली काढली. दादाला त्यात फारसा रस वाटला नाही. संसार झाल्यावर पत्रिका बघून काय करायचं, म्हणाला. पण लेकीनं पुढचं जे सांगितलं त्यानं तो हादरला. म्हणाली, "मामा, ही सगळीच्या सगळी कॅसेट दुसऱ्या लोकांनी रेगेमध्ये परत केली आहे. गाणी त्याच क्रमानं. आणि त्याचंही पुन्हा डब केलंय."

मग तिनं आम्हाला समजावलं. जमैका म्हणून एक बेट आहे, तिथलं संगीत ते रेगे. तिथंही म्हणे गल्लीच्या तोंडाला अशाच बॉक्सच्या भिंती उभ्या करतात, त्यांचेही आपापले साउंड असतात, त्यांच्यातही चढाओढ आणि मारामाऱ्या होतात. तिथल्या पॅनेलवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणांपुढं, बसणाऱ्या लोकांनी एक प्रकार काढला. तयार गाणं घ्यायचं, त्यातला गाणारा काढून टाकायचा, गिटार काढून टाकायची, खाली फक्त बेस आणि ढोल ठेवायचा. मधेच एखादा शब्द सोडायचा, तो विहिरीत हाक मारल्यासारखा घुमत घुमत जातो, आणि मग बराच वेळ नुसती पोकळी. ते डब. म्हणजे वाजवणाऱ्यांनी नव्हे, दादाचं काम करणाऱ्या माणसांनी बनवलेलं संगीत. मला वाटलं, तो खूश होईल.

तो भडकला. तिनं पहिलंच गाणं लावलं आणि अर्ध्यात त्यानं वायर उपटली. "ह्यो काय चावटपना? कुनीतरी जीव वतून केलंय, आन् ह्ये त्याचं आतडं काढून हाडकं वाजवाय लागल्यात. तांबड्या रश्श्यात साखर घालून वाढलं तर खाशील का?" माझी लेकही माझ्याच पोटची. ती म्हणाली, "मामा, गणपतीत तुम्ही भजनाखाली ढिच्चाक ढिच्चाक लावता, ते काय असतं?" दादा उठून दुसऱ्या बॉक्सची जाळी काढायला लागला. पण तिनं जाताना ती गाणी त्याच्या पेनड्राइव्हवर टाकून ठेवली.

महिना-दीड महिन्यानं मी गोडाऊनवर गेले तर दारातच पाय थबकले. आत तेच डब चालू होतं. दादा एका बॉक्सला पाठ टेकून बसला होता, डोळे मिटलेले, आणि बेसचा प्रत्येक ठोका त्याच्या पाठीतून जात असल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इतका सुखी मी त्याला बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. मला बघून उठला, म्हणाला, "पोरीला सांग, भारी हाय. सगळं ऐकू येतंय बग ह्यात. बॉक्स नीट झाले." आणि त्यानं मला अभिमानानं सांगितलं की आता तो सेटिंगही ह्याच्यावरच करतो, जुनी गाणी बंद.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माणूस नवं काही शिकला, त्यात रमला, वाईट काय त्यात? पण परत येताना बसमध्ये मला ते आठवत राहिलं. ज्या गाण्यातून बारीक आवाज काढून टाकलेले आहेत, त्या गाण्यावर तो आता बॉक्स तपासत होता.

हातकणंगल्याला आमच्याच भावकीत हळद होती. दुपारची वेळ, मांडव गच्च भरलेला, साउंड अर्थातच दादाचा. पहिलं गाणं लागलं आणि पुढच्या रांगेतल्या बायका मागं सरकल्या. आवाज मोठा नव्हता, टोचत होता. स्वतःला ऐकू न येणारे आवाज दादानं वर, आणखी वर चढवून ठेवले होते. म्हाताऱ्या पदर कानावर दाबून बसल्या. तरी कुणी काही बोललं नाही, दादाच्या हाताबद्दल तेवढी खात्री होती. मग नवरीच्या काकांनी माइक हातात घेतला आणि पावण्यांचं स्वागत करायला बॉक्सच्या पुढं आले.

माइकनं शिट्टी धरली. माइक बॉक्सच्या पुढं आला की ती येते, अंगावर काटा आणणारी. साउंडवाल्याचा हात त्याच क्षणी पॅनेलवर जातो आणि ती मरते. दादाच्या कार्यक्रमात ती मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती, माइक फुंकून बघणाऱ्या पुढाऱ्यांच्या सभेतसुद्धा नाही. ती वाढत गेली. लहान मुलं रडायला लागली. काका माइक धरून भांबावून उभे. सगळा मांडव मान वळवून पॅनेलकडं बघायला लागला, आणि पॅनेलमागं दादा उभा होता, हात कमरेवर, चेहऱ्यावर यजमानाचं हसू. लोक आपल्याकडं बघतायत म्हणून त्यानं मान लववून नमस्कारही केला.

मी उठून पळत गेले आणि जे हाताला लागलं ते बटण खाली ओढलं. दादा रागानं माझ्याकडं वळला. मग त्यानं मांडवाकडं बघितलं, कानावरून हळूहळू खाली येणारे हात बघितले. त्याला कळलं. उरलेली हळद त्यानं अगदी बारीक आवाजात वाजवली आणि जेवायला थांबला नाही.

कानाच्या डॉक्टरांकडं मीच नेलं. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आलेख दाखवला. डावीकडं रेघ वर होती, उजवीकडं खाली कोसळलेली. जाड आवाज अजून शाबूत आहेत, उंच गेले, ते परत येणार नाहीत. बायकांचे, मुलांचे आवाज असेच आधी जातात. कानात मशीन लावलं तर थोडं भागेल. पण पुन्हा त्या भिंतीपुढं उभा राहिला तर जे आहे तेही जाईल. डॉक्टर हे सगळं त्याच्याकडं बघून बोलत होते आणि दादा माझ्याकडं बघून मान हलवत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "काय म्हनले?" मी म्हटलं, "जपा म्हणाले." त्यानं विषय तिथंच संपवला. मशीन एकदा दुकानात लावून बघितलं आणि सगळी दुनिया पत्र्याची वाटतीया म्हणून काढून ठेवलं.

घरात कुणीच कानाचं नाव घेत नव्हतं. बॉक्स, वायर, माइक, सगळ्यांवर खापर फुटलं. गणपती पुन्हा जवळ आले, मंडळांचे फोन यायला लागले. फोनवरचं बोलणं त्याला कळेना म्हणून तो "व्हय व्हय, बगू की" एवढंच म्हणायचा आणि पलीकडचे ऑर्डर पक्की समजायचे. वहिनी एकदा माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, तुमीच सांगा. तुमची जीभ चालती." जीभ! तीच तर टाळ्याला चिकटली होती. मला भीती होती की मी ते बोलले तर ते खरं होईल, आणि दादा म्हणजे मग बॉक्सच्या ढिगाशेजारी बसलेला एक म्हातारा एवढंच उरेल.

शेवटी एका रविवारी दुपारी मनाचा हिय्या करून गेले. डब चालू होतं. मी शेजारच्या बॉक्सवर बसले. त्याला दिसेल असं तोंड करून, सावकाश बोलून विचारलं, "जुनी गाणी का लावत नाहीस रे आता?"

त्यानं आवाज थोडा कमी केला. मग म्हणाला, "त्यात काय काय असतंय ते मला म्हाईत हाय. गिटार हिथं येनार, झांज हितनं जानार. ती जागा येती आन् काय येतच न्हाय. मग आत काय तर तुटतंय. ह्यात तसं न्हाय. ह्यातलं त्यांनीच काढून टाकलंय. जे न्हाय ते न्हाय. माझं काय गेलं न्हाय."

गाणं चालूच होतं. त्यानं एकाएकी माझ्याकडं वळून विचारलं, "आता बग. हिथं गानारा काढलाय न्हवं?"

गाणारा गात होता. घुमत, लांबून, पण स्पष्ट गात होता. मी म्हटलं, "व्हय. काढलाय."

दादानं पॅनेलकडं बोट केलं. तिथं हिरव्या दिव्यांच्या उभ्या रांगा असतात, जाड आवाजाच्या डावीकडं, उंच आवाजाच्या उजवीकडं. उजवीकडचे दिवे नाचत होते. "मला डोळं हायत," तो म्हणाला. रागावला नव्हता. "तू तर खोटं बोलू नगंस. मला दुसरं कोन सांगनार?"

मग मी सांगितलं. गाणाऱ्याचा आवाज आला की मी हात वर करायचा, गेला की खाली घ्यायचा. एका गाण्यात गाणारा जवळजवळ सगळाच होता, माझा हात खाली येईचना, आणि दादा दिवे सोडून माझ्या हाताकडं बघत होता. त्यातलं किती त्यांनी काढलं होतं आणि किती त्याचं गेलं होतं, हे त्याला त्या दुपारी पहिल्यांदा नीट समजलं. गाणं संपायच्या आतच त्यानं बटण बंद केलं. गोडाऊन एकदम शांत झालं.

टेबलावर त्याचा मोबाईल उजळला. दादानं नाव वाचलं आणि तो माझ्याकडं सरकवला. "मंडळाचा हाय. तूच घे. यंदा साउंड न्हाय म्हनून सांग." एवढं बोलून तो माझ्याकडं पाठ करून बसला आणि खाली पडलेली वायर गोळा करायला लागला.

मी फोन घेतला. म्हटलं, "यंदा दादा साउंड देणार नाहीत."

"का वो? दुसऱ्या मंडळानं धरलं का? आमी पयल्यापास्नं त्यांच्याकडंच हाय की. त्यास्नीच द्या फोन."

"नाही, तसं नाही."

"मग काय झालं?"

मी दादाच्या पाठीकडं बघितलं. हातभर अंतरावर होती. मी हळू आवाजात म्हटलं, "दादाला ऐकू येत नाही आता."

"काय म्हनलासा? जरा मोठ्यानं बोला, हिकडं पोरांचा दंगा हाय."

मग मी वर्गात बोलते तशी, पूर्ण आवाज लावून म्हणाले, "दादाला ऐकू येत नाही आता!"

पत्र्यावरून ते वाक्य परत माझ्यावर आलं. दादा वळला नाही. तो हाताच्या कोपरावरून आणि अंगठ्यातून वायर सावकाश गुंडाळत राहिला.